टर्बो आणि सबुरी

टर्बो ही मुळात काटकसरी माणसाच्या डोक्यातून निघालेली युक्ती. इंजिनात जळणाऱ्या इंधनातली साधारण एक तृतीयांश ऊर्जा धुराबरोबर सायलेन्सरमधून फुकट निघून जाते. हे बघून आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनियरचा जीव खालीवर झाला. धुराच्या वाटेत एक चक्र बसवायचं आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक, असा त्याचा बेत. धुरानं पहिलं फिरलं की दुसरंही फिरणार आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबणार. हवा जास्त मिळाली की इंधन जास्त जाळता येतं आणि तेवढ्याच इंजिनातून ताकद मात्र कितीतरी जास्त निघते. १९०५ साली त्यानं पेटंट घेतलं. पुढे जहाजांची आणि आगगाड्यांची अवाढव्य इंजिनं या युक्तीवर पोसली गेली. वाया जाणाऱ्या धुरातून काढलेली ही बचत एक दिवस वेगवेड्या मंडळींच्या हाती लागेल आणि ते तिच्या जोरावर टाक्याच्या टाक्या पेट्रोल जाळतील, हे त्या भल्या माणसाच्या स्वप्नातही आलं नसेल.

या युक्तीत एक मेख आहे. धूर जोरात यायचा तर इंजिन जोरात फिरायला हवं, आणि इंजिन जोरात फिरायचं तर टर्बो फिरायला हवा. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, अशातला प्रकार. त्यामुळे अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर आधी काहीच होत नाही आणि मग एकदम सगळं होतं. मधल्या रिकाम्या जागेला जाणकार टर्बो लॅग म्हणतात. स्विफ्ट डिझेल घेऊन खंबाटकी चढलेल्या कुणालाही ही जागा ठाऊक आहे. पुढे उसाची ट्रॉली, मागे एसटीचा हॉर्न, पाय पार तळाला, आणि आरपीएमचा काटा दोन हजारांच्या खाली असल्यामुळे गाडी ढिम्म. दोन हजार ओलांडले की तीच गाडी अशी उधळते, की आता ट्रॉलीतला ऊस आपल्या मांडीवर येणार असं वाटावं.

जगभरच्या कंपन्यांनी पन्नासेक वर्षं ही रिकामी जागा बुजवण्यात घालवली, आणि आता ती बरीचशी बुजलीही आहे. हल्लीच्या टर्बोवाल्या गाड्या पहिल्या हाकेला ओ देतात. नेमक्या याच काळात काही माणसं ती रिकामी जागा विकत घ्यायला निघतात, तीही दुरुस्तीच्या खर्चासकट. अशा एका माणसासाठी मी बॅटरी धरतो. बॅटरी म्हणजे उजेडाची. गाडीखाली किंवा बॉनेटखाली डोकं घातलेल्या माणसाला जो उजेड लागतो, तो योग्य ठिकाणी पाडायचं काम माझ्याकडे आहे, आणि हे काम कधीच कुणाला नीट जमलेलं नाही.

आम्ही मिशिगनमध्ये राहतो, डेट्रॉइटच्या पश्चिमेला. या भागात मराठी इंजिनियरांची दाटी एवढी, की गणपतीच्या आरतीला उभ्या राहिलेल्या मंडळींत ब्रेकवाला, सीटबेल्टवाली, सस्पेन्शनवाला, गिअरबॉक्सवाला आणि दरवाजाच्या रबरवाली असे सगळे सापडतात. मनात आणलं तर प्रसाद वाटून होईतो ते एक अख्खी मोटार उभी करतील. मी त्यातला नव्हे. मी हिशेब तपासणारा माणूस, मोटारीशी माझा संबंध हप्ते भरण्यापुरता. ज्याच्यासाठी मी बॅटरी धरतो तो मित्र मात्र कोल्हापूरचा, उद्यमनगरातल्या लेथच्या आवाजात वाढलेला. दिवसा तो विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्या थंड कशा राहतील याची चिंता वाहतो. संध्याकाळी गॅरेजचं दार वर जातं आणि तो ऐंशीच्या दशकात शिरतो.

गाडी म्हणजे १९८६ची पोर्शे ९४४ टर्बो. अडीच लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, अमेरिकेतल्या कागदांवर २१७ अश्वशक्ती. इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी, त्यामुळे वजन दोन्हीकडे जवळजवळ सारखं वाटलेलं. त्या काळी हे आकडे ऐकून माणसं खुर्चीतून उठत. आज नारळ-कोथिंबीर आणायला नेलेली एसयूव्हीसुद्धा एवढी ताकद बाळगून असते आणि कुणी तिच्याकडे वळूनही पाहत नाही.

पोर्शेच्या घराण्यात या गाडीला पंक्तीला बसू देत नसत. खऱ्या पोर्शेचं इंजिन मागे असतं आणि हवेवर थंड होतं, असा शास्त्रार्थ. हिचं पुढे, तेही पाण्यावर. शिवाय ती बनली नेकार्सउल्मला, आउडीच्या कारखान्यात, आणि तिची थोरली बहीण ९२४ तर मुळात फोक्सवागनसाठी आखलेली. या कुळकथेपायी ती कित्येक वर्षं स्वस्तात मिळत राहिली, आणि स्वस्तात मिळाली म्हणूनच तिचे हाल झाले. ज्यांना गाडी परवडली त्यांना तिची दुरुस्ती परवडली नाही. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. त्यातून कोंबडी जर्मन असली की मसालाही तिकडूनच मागवावा लागतो.

मित्राच्या दारात ती आली तेव्हा लाल रंग उन्हानं गुलाबी पडला होता, डॅशबोर्डला भेगा होत्या, आणि मैल मोजणारा आकडा एका जागी थिजलेला होता. या गाड्यांत तो आकडा फिरवणारं प्लॅस्टिकचं चिमुकलं दातेरी चक्र म्हातारपणी भुगा होऊन पडतं. त्यामुळे जाहिरातीत ‘फक्त एवढेच मैल’ असं वाचलं, की आकडा कोणत्या राष्ट्राध्यक्षाच्या कारकिर्दीत थांबला ते आधी विचारावं. जमेची बाजू एकच, पत्रा शाबूत होता. त्यावर कारखान्यातूनच जस्ताचा मुलामा आहे. मिशिगनमध्ये याचं मोल फार. इथे हिवाळाभर रस्त्यांवर मीठ ओततात आणि ते मीठ गाड्यांचे तळ खाऊन टाकतं. गंमत अशी की डेट्रॉइट शहराच्या खाली हजार फुटांहून खोल मिठाचीच खाण आहे आणि रस्त्यावरचं मीठ तिथून निघतं. मोटारी बनवणाऱ्या गावाच्या पोटातच मोटारी खाणारं खाद्य निघावं, याला योगायोग म्हणायचं की धंद्याची दूरदृष्टी, हे मी ठरवू शकलेलो नाही.

आता जीर्णोद्धार. या बाबतीतला आपला मराठी अनुभव काही फार बरा नाही. एखाद्या हेमाडपंती देवळाचा जीर्णोद्धार झाला असं कानावर आलं की माझ्या पोटात खड्डा पडतो. काळ्या दगडाला ऑइलपेंट, गाभाऱ्याला न्हाणीघराच्या टाइल, शिखराला आकाशी रंग, आणि दर्शनी खांबावर देणगीदारांच्या नावांची संगमरवरी फरशी. सगळं भक्तिभावानं, त्यामुळे बोलायचीही सोय नाही. मित्राच्या गाडीचाही असाच एक जीर्णोद्धार आधीच्या कुणा भक्तानं करून ठेवला होता. स्प्रिंगा कापून गाडी जमिनीलगत आणलेली. काचेच्या बाजूच्या खांबावर तीन जादा काटे, त्यातले दोन कशालाच न जोडलेले. आणि पाय उचलला की मोठ्यानं ‘फुस्स’ करणारा एक झळाळता व्हॉल्व्ह.

या फुस्सची कथा थोडी सांगायला हवी. पाय उचलला की इंजिनाच्या तोंडाची झडप मिटते, पण टर्बो अजून हवा ढकलतच असतो. कोंडलेली हवा कुठेतरी सोडावी लागते. ती बाहेर सोडली की फुस्स होतं आणि आजूबाजूच्या पोरांना कळतं की बघा, टर्बो आला. पण या गाडीचा कॉम्प्युटर आत शिरणारी हवा आधीच मोजून बसलेला असतो आणि तेवढ्या हवेपुरतं पेट्रोल सोडतो. मोजलेली हवा मध्येच बाहेर गेली की हिशेब चुकतो, पेट्रोल जास्त पडतं आणि गाडी अडखळते. म्हणजे आवाज होता ताकदीचा आणि काम होतं ताकद घालवण्याचं. माझ्या धंद्यात असे बरेच लोक भेटतात, पण तो विषय वेगळा.

मित्रानं पहिल्यांदा हेच सगळं उतरवलं. बिघडलेलं दुरुस्त करण्याआधी ‘सुधारलेलं’ काढून टाकावं लागतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्यात दिवस गेले ते तारांच्या गुंत्यात. कुठली तार कारखान्याची आणि कुठली भक्ताची हे शोधताना मित्र बॉनेटखालून ओरडायचा, “अरे लेका, बॅटरी कुठं मारतोयस? माझ्या टकुऱ्यावर उजेड पाडून काय उपयोग? हिकडं, हिकडं!” हिकडं म्हणजे नक्की कुठे, हे फक्त त्याच्या बोटाला दिसत असतं, आणि ते बोट मला दिसत नसतं. तरीही माझी नेमणूक कायम आहे, कारण दुसरा उमेदवार नाही.

भारतात गाडीत असे फेरफार करायचे म्हटलं तर कायदाच आडवा येतो. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्टच सांगितलं, की कंपनीनं ठरवलेल्या मूळ आराखड्यात फेरफार करून गाडी रस्त्यावर आणता येणार नाही. बुलेटला ‘फटाका’ लावून गल्ली उठवणाऱ्यांचे सायलेन्सर आपले पोलीस रोडरोलरखाली घालतात, तेव्हा रस्त्यावर उभी असलेली जनता टाळ्या वाजवते, आणि त्यात मीही सामील होईन. मिशिगनमध्ये मात्र गाड्यांची वार्षिक तपासणीच नाही. प्रदूषण रोखणाऱ्या यंत्रणेला हात लावू नका, एवढं केंद्राचा कायदा बजावतो. बाकी ज्याची त्याची सद्सद्विवेकबुद्धी. ही सोय धोक्याची आहे. आडवं येणारं कुणी नसलं की माणसाला स्वतःशीच भांडावं लागतं.

आणि भांडण असं, की जुनी टर्बो गाडी हाती घेतलेल्या प्रत्येक माणसाच्या आत दोघे राहतात. एकाला गाडी १९८६ साली कारखान्यातून निघाली तशीच हवी, अगदी बोल्टच्या डोक्यावरच्या खुणेपर्यंत. दुसऱ्याला ती त्या वेळच्या इंजिनियरांना जमली नाही तितकी चांगली करून दाखवायची आहे. आमच्या गॅरेजात टिळक-आगरकर वाद रोज संध्याकाळी रंगतो, आणि दोन्ही बाजू मित्र एकटाच लढवतो.

सुधारकाच्या बाजूनं बोलायला टर्बो फारच सोयीचा. साध्या इंजिनातून आणखी ताकद काढायची तर ते खोलून घाम गाळावा लागतो. टर्बोवाल्यात हवेचा दाब थोडा वाढवला की झालं. या गाडीत काट्यावर नेहमीच्या हवेचा दाब १ असा दाखवतात आणि टर्बोनं जोर धरला की काटा पावणेदोनच्या आसपास जातो. कॉम्प्युटरमधली नखाएवढी चिप बदलली, जादा धूर बाजूनं सोडून देणाऱ्या झडपेची, म्हणजे वेस्टगेटची, स्प्रिंग जरा कडक घातली, की तोच काटा दोनाकडे झुकतो आणि गाडी कानात वारं शिरल्यागत सुटते. पैसे थोडे, श्रम त्याहून थोडे. म्हणून तर मोह पडतो. पण सिलिंडरच्या डोक्याखाली जी गॅसकेट असते तिनं या वाढीव दाबाचा ठराव मंजूर केलेला नसतो. दाब वाढला, पेट्रोल कमी दर्जाचं पडलं, ते अवेळी पेटून इंजिनात ठणके सुरू झाले, की आधी तिचाच जीव जातो. मग हेड उतरवा, घासून सपाट करून आणा, पुन्हा बसवा. थोडक्या पैशांच्या चिपमागून हे सगळं वऱ्हाड येतं.

या वादात वहिनी सुधारकांच्या बाजूला आहेत, हे मला फार उशिरा कळलं. चहा घेऊन आल्या होत्या. मित्र चिप हातात धरून तिच्याकडे संशयानं पाहत होता. वहिनी मला म्हणाल्या, “भावजी, यांना सांगा की, घाला म्हणावं ती. गाडी पळवायची न्हाई तर आणली कशाला, हळदीकुंकू वाहायला?” मित्र काही बोलला नाही. पण हळदीकुंकवाचा टोला नेमका होता. या गाडीत पेट्रोलपंपाला वीज देणारा काडेपेटीएवढा एक रिले असतो. तो गेला की गाडी जागच्या जागी मुकी होते, आणि तो केव्हा जाईल याचा नेम नाही. त्यामुळे जुने मालक एक जादा रिले ग्लोव्हबॉक्समध्ये बाळगतात. आमच्याकडे खंडेनवमीला पाने, सॉकेट आणि टॉर्क रेंच यांच्याबरोबर त्या जादा रिलेचीही पूजा होते.

सनातनी बाजूला खरं बळ दिलं ते रबरी नळ्यांनी. टर्बोचा दाब केव्हा धरायचा, केव्हा सोडायचा हे निरोप या इंजिनात बोटापेक्षा बारीक नळ्यांतून हवेनंच पोचतात. अशा नळ्यांचं जाळं सगळ्या इंजिनावर पसरलेलं असतं, आणि इतक्या वर्षांच्या उष्णतेनं त्या बिस्किटासारख्या तुटतात. त्यातली एक जरी चिरली तरी निरोप पोचत नाही, काटा एकाच्या पुढे सरकत नाही आणि गाडी पिकअप घेत नाही. बरेच लोक इथेच फसतात. त्यांना वाटतं टर्बो गेला. मग मोठा टर्बो, मोठा इंटरकूलर असा खर्च वाढत जातो, आणि दोष असतो एका चिरलेल्या नळीचा.

ती चीर शोधायची रीत मला आवडली. इंजिनात हवा शिरते त्या नळीच्या तोंडाला बूच मारायचं आणि पत्र्याच्या डब्यात तेल तापवून केलेला धूर हलक्या दाबानं आत सोडायचा. जिथून धूर निघतो तिथूनच जोरही निसटत असतो. मित्रानं धूर सोडला. आधी कुठेच काही दिसेना. मग इनटेक मॅनिफोल्डच्या पोटाखाली, हात जाणार नाही आणि नजर तर मुळीच जाणार नाही अशा कोपऱ्यात, माझ्या बॅटरीच्या झोतात एक पांढरी रेघ तरंगायला लागली. केसाएवढी बारीक, सरळ वर जाणारी. तिच्या तळाशी तीन नळ्यांना जोडणारा प्लॅस्टिकचा सांधा होता, एका बाजूनं तडकलेला. मित्र मान वाकडी करून त्या रेघेकडे बघत राहिला आणि पुटपुटला, “नाद खुळा!” कुणाचा ते त्यानं सांगितलं नाही. झोत नेमक्या जागी पडल्याबद्दल माझं कौतुक झालं नाही, पण त्या संध्याकाळी ओरडाही बसला नाही.

टर्बो स्वतः बघायचा असेल तर हे सगळं मॅनिफोल्ड उतरवावं लागतं. धूर निघतो इंजिनाच्या उजव्या अंगानं, टर्बो बसवलाय डाव्या अंगाला, आणि दोघांची गाठ घालून देणारी नळी इंजिनाला वळसा घालून येते. बाहेर काढला तेव्हा तो नारळाएवढा, तांबूस गंजाचा गोळा दिसला. त्यावर जर्मन निर्मात्याची तीन आद्याक्षरं, के के के. अमेरिकेतल्या एका कुप्रसिद्ध वर्णद्वेषी संघटनेचीही हीच आद्याक्षरं, त्यामुळे ती गॅरेजच्या बाकावर उघडी ठेवणं बरं दिसत नाही. शेजारी डोकावला तेव्हा मित्रानं घाईघाईनं त्यावर फडकं टाकलं, आणि त्यामुळेच शेजाऱ्याचा संशय जास्त वाढला असावा. आतलं चक्र मित्रानं बोटानं फिरवून दाखवलं. हलकं, कुठेही न घासता, सहज फिरलं. चालत्या गाडीत ते मिनिटाला लाखभर फेरे घेतं, याच्यावर विश्वास ठेवायला मला अजून जड जातं.

टायमिंग बेल्टविषयी मात्र कुणीच विनोद करत नाही. तो तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि इंजिनाचं लोणचं होतं. मित्रानं तो बदलला त्या दिवशी मला गॅरेजात बोलायला बंदी होती.

सुधारणेच्या घाईबद्दल मिशिगनच्याच इतिहासात एक गोष्ट आहे. १९६२ साली लान्सिंगच्या ओल्ड्समोबिलनं जेटफायर नावाची गाडी काढली, टर्बो घेऊन बाजारात आलेल्या पहिल्या दोन अमेरिकन गाड्यांपैकी एक. ठणके बसू नयेत म्हणून तिच्यात पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण एका वेगळ्या टाकीत भरावं लागे. कंपनीनं त्याला ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’ असं भारदस्त नाव दिलं होतं. लोक ते भरायला विसरत. टाकी रिकामी झाली की गाडी आपणहून दाब कमी करी, आणि मालक तक्रार घेऊन येत की गाडी उठत नाही. शेवटी पुष्कळ गाड्यांचा टर्बो काढून तिथे साधा कार्ब्युरेटर बसवण्यात आला. आज जेटफायर जपणारे लोक तोच भंगारात गेलेला टर्बो शोधत हिंडतात. युरोपातही तऱ्हा काही वेगळी नव्हती. बीएमडब्ल्यूनं १९७३ साली २००२ टर्बो आणली, तेव्हा पुढच्या बंपरखाली अक्षरं उलटी रंगवली होती, पुढच्या ड्रायव्हरला आरशात ‘टर्बो’ असं सुलटं वाचता यावं म्हणून. नेमकं त्याच वर्षी तेलाचं संकट आलं आणि तो आगाऊपणा सगळ्यांच्या डोळ्यांत खुपला. रेनॉनं १९७७ मध्ये फॉर्म्युला वनला टर्बो आणला, तर वाफा सोडत बंद पडणाऱ्या त्या पिवळ्या गाडीला लोक चहाची किटली म्हणायचे. दोनच वर्षांत त्या किटलीच्या वारसदारानं फ्रान्समधली शर्यत जिंकली, आणि हसणारे टर्बोच्या शोधात लागले.

एप्रिलच्या पावसानं रस्त्यावरचं मीठ धुऊन नेलं आणि गाडी बाहेर निघाली. चिप खणातच होती, सगळं कारखान्याच्या मापाचं. एम-१४ महामार्गाला लागायचा चढ होता. दुसरा गिअर, मित्रानं पाय तळाला नेला. काहीच झालं नाही. इंजिन नुसतं गुरगुरत होतं, काटा एकाच्या जवळ. महामार्गावरून येणारा ट्रक मला स्वच्छ दिसत होता, त्याच्या ड्रायव्हरची टोपीसुद्धा दिसत होती. विम्याचा हप्ता भरल्याची तारीख आठवावी एवढी सवड मिळाली. आरपीएमचा काटा तीन हजारांपाशी आला आणि कुठून तरी एक बारीक शीळ वर चढत गेली. मग पाठीत कुणीतरी दोन्ही हातांनी ढकललं. ट्रक आरशात गेला. मित्र हसत होता, आवाज न करता, नुसत्या खांद्यांनी.

माझा निकाल त्या चढावरच लागला. चिप घालू नये. ताकदीसाठी आज कुठलीही नवी गाडी मिळते, ती आणखी स्वस्त पडते आणि तिला जादा रिले लागत नाही. या गाडीत विकत घ्यावं असं जे आहे, ते पाय दाबल्यापासून शीळ येईपर्यंतच्या थांबण्यात आहे, आणि सुधारक नेमकं तेच कापायला बसतो. जिथे म्हातारपणानं काही मोडलं तिथे नवं, चांगलं, जमल्यास मूळच्याहून चांगलं घालावं. सिलिकॉनच्या नळ्या घाला, मजबूत गॅसकेट घाला, कुणाला कळतही नाही. स्वभावाला हात लावू नये. वहिनींना हे मान्य नाही. त्यांच्या मते हे सगळं पुरुषांचं तत्त्वज्ञान आहे आणि खर्च झाल्यावरच सुचतं.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी आम्ही तिला वुडवर्डवर नेलं. डेट्रॉइटमधून वायव्येला जाणारा हा वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यू. देशातला पहिला मैलभर काँक्रीटचा रस्ता १९०९ मध्ये याच रस्त्यावर झाला. १९९५ साली फर्नडेल नावाच्या उपनगरात मुलांच्या फुटबॉलच्या मैदानासाठी पैसे उभे करायचे होते, म्हणून जुन्या गाड्यांची एक फेरी काढली. ती इतकी फोफावली की आता त्या दिवशी लाखो माणसं घडीच्या खुर्च्या टाकून कडेला बसतात आणि हजारो जुन्या गाड्या मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत राहतात. आमच्या गाडीचा टर्बो त्या दिवसात एकदाही जागा झाला नाही, कारण तीन हजार आरपीएमला पोचण्याइतका रस्ताच कुणाला मिळाला नाही. मित्राचं त्यामुळे काही बिघडलं नाही. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी बॉनेट उघडायला लावून बराच वेळ आत पाहिलं आणि इंजिन मूळचंच का, असं विचारलं. वहिनी पटकन म्हणाल्या, मूळचंच, पण चिप घरी आहे. ते गृहस्थ वहिनींशीच बोलत बसले. त्यांच्या घरीही अशीच एक चिप खणात होती म्हणे.

घरी परतल्यावर मित्र इंजिन लगेच बंद करत नाही. मिनिटभर ते सावकाश चालू ठेवतो आणि मगच चावी फिरवतो. त्यानंतरही बॉनेटखालून एक बारीक घरघर येत राहते. टर्बोभोवती पाणी फिरवणारा छोटा विजेचा पंप थोडा वेळ चालू असतो, त्याची. हे जर्मनांना ऐंशीच्या दशकातच सुचलं होतं. आपल्याकडच्या पुष्कळ जुन्या डिझेल गाड्यांत असा पंप नाही, तिथे हे काम ड्रायव्हरनंच करायचं. तेव्हा तुमच्याकडे जुनी स्कॉर्पिओ किंवा टर्बोवाली आणखी कुठली डिझेल गाडी असेल, कसारा घाट चढून तुम्ही चहाला थांबला असाल, तर उतरण्याआधी मिनिटभर इंजिन आयडलवर चालू द्या. आत चक्र अजून गरगरत असतं आणि लालबुंद तापलेलं असतं. इंजिन बंद झालं की तेल थांबतं आणि थांबलेल्या तेलाचा तिथेच कोळसा होतो. गाडी अशी लगेच बंद करणं काही वर्षं चाललं की बेअरिंग बसतं. नवा टर्बो केवढ्याला पडतो, ते तुमच्या मेकॅनिकला एकदा विचारून ठेवा.